कहानामोकू या आडनावाची पहिली ओळख कोणती: पोहणे की सर्फिंग?

धागाकर्ता:

हवाईतील कहानामोकू हे आडनाव निघाले की बहुतेक ठिकाणी ड्यूक कहानामोकू (१८९०-१९६८) यांना ‘आधुनिक सर्फिंगचे (फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याच्या खेळाचे) जनक’ म्हटले जाते. ही उपाधी त्यांच्यावरही अन्याय करते आणि त्यांच्या समाजावरही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलू बंदरात, तरणतलावात नव्हे तर धक्क्यांच्या मधल्या खाऱ्या पाण्यात, त्यांनी १०० यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत कापले. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ ४.६ सेकंदांनी कमी होती. अमेरिकेतील हौशी क्रीडापटूंच्या संघटनेने हा विक्रम मान्यच केला नाही. घड्याळे चुकली असतील, नाहीतर प्रवाहाने हात दिला असेल, अशा शंका काढल्या गेल्या. पुढच्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकून त्यांनी या शंकांना परस्पर उत्तर दिले. १९२० मध्ये अँटवर्पला त्यांनी ते पदक राखले आणि ४ × २०० मीटर रिलेचेही सुवर्ण मिळवले. मधली १९१६ ची स्पर्धा महायुद्धामुळे झालीच नाही, हेही हिशेबात धरायला हवे.

सर्फिंगचे म्हणाल, तर हवाईचे तीन राजपुत्र १८८५ मध्येच कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे रेडवूडच्या फळ्यांवर लाटा खेळले होते आणि १९०७ मध्ये जॉर्ज फ्रीथ हे होनोलुलूचे तरुण ही कला घेऊन कॅलिफोर्नियात गेले होते. जो खेळ अख्खा समाज पिढ्यानपिढ्या खेळत आला, त्याचा एकच जनक कसा असेल?

पहिला प्रतिसाद:

धागाकर्त्यांशी सपशेल असहमत. एखादी गोष्ट आधी कोणी केली हा एक प्रश्न आणि ती जगात कोणामुळे रुजली हा दुसरा. धाग्यात या दोहोंची गल्लत झाली आहे. १९१४ च्या अखेरीस ड्यूक सिडनीला पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ सर्फिंगची फळी नव्हती. त्यांनी स्थानिक शुगर पाइनचे लाकूड मिळवून साडेआठ फुटांहून लांब अशी जड फळी स्वतः तासून घेतली आणि फ्रेशवॉटर किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीसमोर ते तिच्यावर उभे राहून लाटेबरोबर आले. तिथल्याच इसाबेल लेथम या किशोरवयीन मुलीला त्यांनी आपल्या पुढे फळीवर उभे केले. ती फळी फ्रेशवॉटरच्या क्लबने जपून ठेवली आहे. कोणताही देश पाहुण्याची फळी उगीच सांभाळत बसत नाही.

शिवाय १४ जून १९२५ विसरू नका. कॅलिफोर्नियातील कोरोना डेल मार येथे ‘थेल्मा’ ही बोट उसळत्या लाटांत उलटली आणि १७ जण दगावले. जे १२ जण वाचले, त्यांतील आठ जणांना ड्यूक यांनी फळीवरून पुन्हा पुन्हा आत जाऊन बाहेर काढले. सर्फिंगची फळी जीवरक्षकाचे साधन होऊ शकते हे त्या किनाऱ्याने त्या दिवशी पाहिले. शर्यतीतला कोणताही विक्रम मला या आठ जिवांहून मोठा वाटत नाही.

दुसरा प्रतिसाद:

वरील दोघेही ‘कहानामोकू’ म्हणताना एकाच माणसाविषयी बोलत आहेत, याचे आश्चर्य वाटते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण अमेरिकेचे जलतरणपटू जॉनी वाइसमुलर यांना मिळाले, पण रौप्यपदक ड्यूक यांचे आणि कांस्यपदक त्यांचे धाकटे भाऊ सॅम यांचे होते. एकाच शर्यतीच्या तीन पदकांपैकी दोन एकाच घरात गेली! आडनावाचीच चर्चा करायची तर याहून भक्कम दाखला कोणता?

आणखी एक मुद्दा. हवाईची राजसत्ता १८९३ मध्ये उलथवली गेली आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्यात सामील करून घेतली. त्यामुळे या भावांची पदके अमेरिकेच्या नावावर जमा आहेत. अशा परिस्थितीत हवाईचे म्हणून जगाने ओळखावे असे जे उरले, ते सर्फिंग. लोक ती उपाधी धरून बसतात त्याचे कारण मला इथे दिसते आणि ते मला रास्त वाटते.

धागाकर्ता:

दुसऱ्या प्रतिसादातील मुद्द्याचे वजन मोठे आहे आणि सॅम यांचा उल्लेख माझ्याच बाजूला बळ देतो. पहिल्या प्रतिसादकर्त्यांना मात्र विचारावेसे वाटते की, ड्यूक सिडनीला गेले ते कशासाठी? न्यू साउथ वेल्सच्या जलतरण संघटनेने त्यांना शर्यतींसाठी बोलावले होते. पोहण्यातल्या कीर्तीशिवाय ते जहाजात बसलेच नसते, मग फळी कोठली आणि लाट कोठली?

पहिला प्रतिसादकर्ता:

आमंत्रण पोहण्याचे होते, हे मान्य. परंतु होनोलुलूतील वाइकिकीच्या किनाऱ्यावर १९९० मध्ये उभारलेला त्यांचा पुतळा पाहा. मागे उभी फळी, दोन्ही हात पसरलेले, येणारे-जाणारे त्या हातांवर फुलांच्या माळा चढवतात. समुद्राकडे पाठ करून हा माणूस कधीच उभा राहिला नसता, म्हणून पुतळ्याचे तोंड रस्त्याकडे असण्यावर तिथे आक्षेप घेतला गेला. पाठीमागे फळी का, असा वाद मात्र माझ्या वाचनात नाही.