मिलाग्रीस सायबिणीला तेल, लईराईला मोगरा: सारखं नेमकं काय आणि वेगळं कुठे?

म्हापशाची_सून

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन म्हापशात आले त्याला ११ वर्षं झाली. दर वर्षी पास्कानंतरच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी सासूबाई खोबरेल तेलाची बाटली घेऊन सायबिणीच्या, म्हणजे मेरीच्या फेस्ताला (चर्चच्या जत्रेला) जातात. त्यांच्या सासूबाईही जायच्या. यंदा त्यांचे गुडघे फार धरलेत, म्हणून मी सोबत गेले. सकाळी सातलाच केवढी रांग! कितीतरी बायका कुंकू लावलेल्या, कुणाच्या हातात तेल, कुणाच्या मेणबत्त्या. माझ्या पुढची बाई डिचोलीहून आली होती, मुलाच्या नोकरीसाठी बोललेली आंगवण फेडायला. नवसाला इथे आंगवणच म्हणतात, हिंदूही आणि ख्रिस्तीही.

तेल वाहून झाल्यावर आम्ही मागच्या बाकावर टेकलो. मिस, म्हणजे चर्चची प्रार्थना चालू होती. थोड्या वेळाने लोक उठून पुढे जाऊ लागले, पाद्री प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवत होते. मला वाटलं प्रसाद, मीही उठले. सासूबाईंनी हात धरून बसवलं आणि कानात म्हणाल्या, "तें आमकां ना गो." तेल चालतं, फूल चालतं, रांगेत तासभर उभं राहिलेलं चालतं, मग हेच का नाही? विचारलं तर म्हणाल्या, "ना म्हणजे ना."

संध्याकाळी जाऊबाईंचा मुलगा पुण्याहून आला होता. जेवताना तो जोरात म्हणाला, "यांचं सगळं उचललेलंच आहे. २५ डिसेंबर हा रोमन लोकांचा सूर्याचा सण, मेरी म्हणजे जुनी देवी, मूर्तिपूजा तर आपलीच." नेमकी तेव्हाच शेजारची आंटी खाज्यांचा पुडा घेऊन दारात उभी होती. तिने पुडा टेबलावर ठेवला, काम आहे म्हणाली आणि गेली. आज चौथा दिवस, ती वईपाशी (कुंपणापाशी) बोलायला आलेली नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिने पेज करून आणलेली आहे.

मला कुणाला हरवायचं नाही. पण तो म्हणाला त्यात खरं किती, हे मला नीट कळायला हवं. म्हणजे आंटीकडे जाताना मी नुसतंच "जाऊ दे, मूल आहे" एवढं म्हणणार नाही.

शिरगावकर_धोंड

वहिनी, आमच्याकडे हा प्रश्नच पडत नाही. आमच्या शिरगावची लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई या देवी सात बहिणींतल्या, आणि म्हापशाची मिराबाई त्यांतलीच एक. तीच मिलाग्रीस. पोर्तुगीज आले, तिचं घर बदललं, नाव बदललं, नातं कसं बदलेल? माझे वडील धोंड, म्हणजे लईराईचे व्रतधारी भक्त होते, मीही आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेआधी व्रत धरतो, सोवळ्यात राहतो, हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याचे कळे, आणि रात्री होमकुंडातून जातो. त्याच दिवसांच्या आगेमागे म्हापशाचं फेस्त येतं. आई म्हणायची, एका बहिणीकडे गेलं की दुसरीला रुखरुख लागते, म्हणून दोघींकडे जायचं.

पुस्तकात काय आहे ते पुस्तकवाल्यांनी सांगावं. मला आईचं पुरतं.

सावंतवाडीचा_ख्रिस्ती

ताई, मी सावंतवाडीचा. आमच्या गावच्या चर्चचं नावही मिलाग्रिसच. शाळा मराठीत झाली, पुढे बार्देशातल्या एका शाळेत २८ वर्षं मराठी शिकवली, आणि रविवारी मुलांना दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती धर्माची शिकवणही शिकवली. तुमच्या सासूबाईंनी तुमचा हात धरला तो बरोबर जागी धरला, एवढं आधी सांगतो. बाकी सगळं त्या एका गोष्टीभोवती फिरतं.

तुमच्या पुतण्यापासून सुरू करू. त्याचं सगळं खोटं नाही. ६०१ साली पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या मेलिटस नावाच्या धर्मगुरूला पत्र लिहिलं, की तिथली देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच वेदी बांधा, म्हणजे लोक सवयीच्या जागी येत राहतील. रोममधलं पँथिऑन हे देऊळच, ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं. अगरबत्तीसारखा धूप, दिवा, मिरवणूक, देवाला वाहिलेले अवयव, हे सगळं आमच्या आधीचं आहे. ग्रीसमधल्या कोरिंथ शहरात वैद्यदेव अ‍ॅस्क्लेपियसच्या देवळात मातीचे हात, पाय, कान सापडलेत, बरं वाटल्यावर लोकांनी वाहिलेले. जुन्या गोव्याच्या फेस्तात तुम्ही मेणाचे हात-पाय पाहिले असतील. दुखणारा गुडघा देवासमोर ठेवावासा वाटणं हे कुठल्या एका धर्माचं नाही, ते गुडघ्याचं आहे.

२५ डिसेंबरचं मात्र तो म्हणतो इतकं सरळ नाही. ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचं देऊळ उभारलं हे खरं. पण २५ डिसेंबर हा सूर्याचा दिवस आणि येशूजन्माचा दिवस, या दोन्ही नोंदी आपल्याला ३५४ च्या एकाच रोमन पंचांगात सापडतात. कुणी कुणाचं घेतलं हे त्यावरून ठरत नाही. दुसरा हिशोबही आहे: २५ मार्चला मरियेला गर्भ राहिला असं मानलं, त्यापुढे नऊ महिने मोजा. 'उचललं' म्हणायला ज्याची वस्तू गेली तो तरी नक्की हवा.

आता मूर्तीचं. सगळे इथेच अडखळतात, माझे विद्यार्थीसुद्धा. तुमच्या देवळात मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते. त्यानंतर ती पाषाण राहत नाही. तिला सकाळी उठवतात, न्हाऊ घालतात, जेवू घालतात, शेजारती करून निजवतात. आमच्या सायबिणीच्या मूर्तीला यातलं काही नाही. ७८७ साली निकियाच्या परिषदेत ठरलं, की चित्राला दिलेला मान चित्रात दाखवलेल्या व्यक्तीकडे जातो, लाकडापाशी थांबत नाही. म्हणजे आमची मूर्ती ही वडिलांच्या फोटोसारखी. हार घालतो, दिवा लावतो, रडतोसुद्धा, पण वडील फोटोत नाहीत हे ठाऊक असतं.

म्हणून 'तुमच्याकडे मूर्ती, आमच्याकडे मूर्ती' ही जोडीच चुकलेली आहे. तुमच्या गाभाऱ्यातल्या मूर्तीची आमच्याकडची जोड शोधायची तर पुतळ्याकडे बघू नका. वेदीपाशी एक लहान कुलूपबंद पेटी असते, तिच्याजवळ रात्रंदिवस एक दिवा जळतो, बहुधा तांबड्या काचेचा. तो आमचा नंदादीप. त्या पेटीत मिसेत वाटून उरलेली भाकर असते, पातळ पांढरी चकती. ती येशूचं शरीर आहे असं आम्ही मानतो. त्याचं चित्र नव्हे, आठवण नव्हे, तोच. पुढच्या खेपेला आंटीकडे लक्ष द्या: चर्चमध्ये शिरताना ती पुतळ्यापुढे नव्हे, त्या पेटीकडे तोंड करून उजवा गुडघा जमिनीला टेकवते. गुड फ्रायडेला पेटी रिकामी असते, दार उघडं, दिवा विझवलेला. मी लहानपणी त्या दिवशी चर्चमध्ये जायला घाबरायचो. घर तेच आणि घरात कोणी नाही.

पाद्री हातावर ठेवत होते ते हेच. त्याला कुमगार म्हणतात. प्रसाद येईल त्याला देतात, शेजाऱ्याला, भिकाऱ्याला, लेकराला. कुमगार बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकालाच, आणि तोही मोठं पाप मनावर असेल तर आधी कुमसार करून, म्हणजे पाद्रीजवळ कबुली देऊन मगच घेतो. आमच्यातलेही बाकावर बसून राहतात. तुम्हाला परकं म्हणून थांबवलं नाही, ताई. तुमच्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जसा मी थांबतो, तसा हा आमचा उंबरा.

मेरीबद्दल. रोझरीत, म्हणजे जपमाळेत आम्ही मण्यामागून मणी ओढत म्हणतो, "आम्हां पाप्यांसाठी विनंती कर." क्रियापद बघा, मी मराठीचा मास्तर. 'दे' नाही, 'विनंती कर'. लईराई स्वतः देते, कोपते, पावते. सायबीण आपल्या मुलाकडे शब्द टाकते. तिला देवाची आराधना नाही, मान आहे. फातिमा, वेलांकणी, मिलाग्रीस ही एकाच बाईची नावं, बहिणी नव्हेत. शिरगावकरांनी सांगितलेलं सात बहिणींचं नातं चर्चच्या शिकवणीत बसत नाही. पण त्या दिवशी तेल घेऊन आलेल्या बाईला कुणी दारातून परत पाठवत नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. खरं सांगायचं तर माझी आईसुद्धा नातवाच्या तापात 'विनंती कर' म्हणत नव्हती, 'बरं कर' म्हणत होती.

कोरिंथची आणखी एक गोष्ट. देवांना वाहिलेलं अन्न खावं की नाही, यावरून तिथल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांत भांडण झालं. संत पौलाने त्यांना पत्रात लिहिलं, की मूर्ती म्हणजे काही नव्हे, तेव्हा अन्नाने कुणी बाटत नाही, पण तुझ्या खाण्याने दुबळ्या भावाचं मन डळमळणार असेल तर खाऊ नकोस. याच पत्रात पुढे, दोन्ही ताटांवर बसता येणार नाही असंही तो बजावतो. त्यावरून आमच्यात आजही घराघरांत वेगळं वागतात. माझी आई नैवेद्य दाखवलेलं खात नसे, शेजारणीला वाईट वाटू नये म्हणून फळ मागून घेई. मीही खात नाही. यात तुच्छता नसते, हे तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटतं.

कुंकळ्ळीकर

सर, सगळं पटलं, पण एक राहिलं. हे सारखेपण प्रेमाने आलं नाही. आमच्या कुंकळ्ळीत १५८३ मध्ये पाच जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रचारक) मारले गेले, मग आमच्या गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. देवी शांतादुर्गा फातर्प्याला न्यावी लागली. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून अडीचशे वर्षं. १७३६ च्या फर्मानात दारातली तुळस नको, लग्नात हळद नको, ओव्या नकोत, धोतर नको. ज्यांना देव बदलावे लागले त्यांच्याकडे जुनं उरलं, त्याला 'समानता' म्हणून गोड करू नये.

आणि तरी फाल्गुनात सोंत्र्यो, म्हणजे छत्र्यांची मिरवणूक निघते तेव्हा बारा वांगडांच्या (घराण्यांच्या) बारा छत्र्या फातर्प्याहून कुंकळ्ळीला येतात, आणि त्या घराण्यांतले ख्रिस्तीही छत्रीखाली असतात. गुलालाने माखलेले. मी लहानपणापासून बघतो आणि दर वर्षी गळा दाटतो.

सावंतवाडीचा_ख्रिस्ती

बाब, तुम्ही बोललात ते बरं केलंत, मीच आधी लिहायला हवं होतं. ते आमच्या चर्चच्या नावावरचं पाप आहे आणि माझ्या पूर्वजांनीही ते सोसलं असणार. हळद बंद केली म्हणून आमच्या लग्नात नारळाचा रस राहिला. रोस लावताना बायका आजही गातात. वधूला हिरवा चुडा भरतात. नव्या भाताची कणसं पाद्री आशीर्वाद देऊन घरोघर पाठवतात, रायला ऑगस्टच्या ५ तारखेला, ताळगावला २१ ला. हिंदू घरांत तेच नवं गणेशचवथीच्या दुसऱ्या दिवशी. शेत एक, ऊन एक.

आणि जबरदस्तीच्याच काळात, १६१६ साली, राशोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओवीत. परका इंग्रज, पण नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणं ऐकायची सवय होती हे त्याने ओळखलं आणि स्वर्गाला वैकुंठच म्हटलं. मी ते वर्गात वाचून दाखवत असे. एकाच काळात कुणी तुळस उपटत होतं आणि कुणी आमच्यासाठी ओवी रचत होतं. माझ्या वाट्याला दोन्ही आलंय, एक टाकून दुसरं ठेवता येत नाही.

म्हापशाची_सून

सर्वांना देव बरें करूं.

सरांचं कोरिंथचं वाचून मी सासूबाईंना विचारलं. आमच्याकडे चवथीला नेवऱ्या (करंज्या) तळायला घेतल्या की पहिल्या घाण्यातल्या वीसेक नेवऱ्या त्या एका पत्र्याच्या डब्यात वेगळ्या काढतात, नैवेद्याच्या आधी, आणि डबा वरच्या फळीवर ठेवतात. ११ वर्षं मला वाटायचं मोजायच्या चुकू नयेत म्हणून असेल. त्या म्हणाल्या, "त्यो आंटीच्यो. दाखयिल्ल्यो ती खायना." तिला त्यांनी कधी विचारलेलं नाही, तिनेही कधी सांगितलेलं नाही. त्यांच्या सासूबाई असंच काढायच्या, तेव्हा आंटीच्या सासूसाठी.

काल संध्याकाळी पुतण्याला घेऊन आंटीकडे गेले. त्याने आधी कोपऱ्यातल्या ओरतोराकडे (घरच्या देव्हाऱ्याकडे), मग तिच्याकडे बघत माफी मागितली. तिने त्याला चहा दिला आणि मला विचारलं, "तुज्या मांयचे दिंबी (गुडघे) कशे आसात?" आता पुढच्या वर्षी तेलाची बाटली ती घेणार आहे, सासूबाईंना चढण झेपली नाही तर.