घरचं इमिच (स्वतःच्या मशीनवर फोटो साठवायचं अ‍ॅप) बाहेरून उघडत नाही

प्रश्न (कोथरूड): जुन्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) इमिच टाकलंय, रॅम ८ जीबी. आईबाबांचे सगळे फोटो त्यावर आहेत. घरच्या वायफायवर झकास चालतं, पण हिंजवडीला ऑफिसातून उघडतच नाही. राउटरवर इमिचचा २२८३ पोर्ट फॉरवर्ड केलाय, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी लॅपटॉपकडे वळवलीय. काय चुकतंय?

उत्तर: राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघ. १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तू सीजीनॅटमागे आहेस. म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, आणि बाहेरून आलेली जोडणी तुझ्या राउटरपर्यंत पोचतच नाही. पोर्ट उघडून उपयोग नाही. लॅपटॉपवर आणि फोनवर टेलस्केल (दोन्हींना खासगी नेटवर्कने जोडणारं अ‍ॅप) टाक.

प्रश्नकर्ता: १००.७२ निघाला! दोन रविवार यात गेले होते. आता चालतंय, आईचा फोनही जोडला. मनापासून आभार.

दुसरं उत्तर: बॅकअप घेतोस ना? गेल्या पावसाळ्यात वीज सारखी जा-ये करत होती, त्यात माझी डिस्क गेली. मुलीच्या बारशाचे फोटो परत मिळाले नाहीत. आणि नुसतं फोटोंचं फोल्डर पुरत नाही. पोस्टग्रेसचा, म्हणजे इमिचच्या डेटाबेसचा, डंपही (पूर्ण प्रत) घे, नाहीतर अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं जातात. एक प्रत घराबाहेर हवीच. माझी सासवडला भावाकडे असते.