सदिश: व्हिडिओ घरी पाहून येतात, तरी 3 + 4 = 7!

प्रश्न: परळला एफवाय बीएस्सीला फिजिक्स शिकवते. सदिशांचा (परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींचा) 20 मिनिटांचा व्हिडिओ आदल्या दिवशी पाठवला. वर्गात काटकोनातल्या 3 आणि 4 न्यूटन बलांची बेरीज निम्म्या मुलांनी 5 ऐवजी 7 केली. फार वाईट वाटलं. काय करू?

उत्तर: मॅडम, व्हिडिओतून सूत्र कळतं, दिशा हाताला कळावी लागते. मी कोन सांगतच नाही. याच दोन बलांची बेरीज 0 अंशाला 7, 90ला 5, 180ला 1, हे मुलं आपसात वाद घालून शोधतात. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर 1991पासून असंच शिकवू लागले: आधी स्वतःचं उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा.

उत्तर: माझी मुलं कसाऱ्याहून येतात, व्हिडिओ लोकलमध्ये उभ्यानेच बघतात. 5-5 मिनिटांचे तुकडे करा.

प्रश्नकर्ती: पटलं. उद्या एक कडी, दोरी आणि तीन ताणकाटे नेते. कोन त्यांनाच मोजू दे.