मदत हवी आहे : आईच्या फोनवर आपोआप जाहिराती येतात, 'सेफ मोड' करून बघू का?

जांभाचिरा

मंडळी, जरा अडलोय. आईचा अँड्रॉइड फोन चार वर्षांचा आहे. आई चिपळूण तालुक्यात गावी, मी पुण्यात. म्हणजे जे काही करायचं ते बोलून करायचं, आणि आईचा फोन तर हातात उघडून ठेवायचा, त्यामुळे बोलणं शेजारच्या काकूंच्या फोनवरून. काकूंना वेळ मिळतो संध्याकाळी सातनंतर.

तक्रारी दोन आहेत. एक, कुठलंही ॲप उघडलेलं नसताना अख्ख्या स्क्रीनभर जाहिरात येते. रमी, कर्ज, नाहीतर काहीतरी अचकटविचकट. बंद करायची फुली इतकी बारीक की तिच्यावर बोट ठेवावं तर जाहिरातच उघडते. आई हल्ली फोन पालथा ठेवते, पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून. दुसरी तक्रार बॅटरीची. सकाळी १०० टक्के असते, दुपारी पानं घ्यायच्या वेळेला ३०. काही करत नसतानाही फोन हाताला कोमट लागतो.

बाजारातल्या एका मोबाईलवाल्याने फोन हातातही न घेता निदान केलं : "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल, ३०० रुपये." पैशांचं काही नाही. पण व्हॉट्सॲपचा बॅकअप कधी घेतलेला नाही, नातीचे सगळे फोटो त्यातच, आणि यूपीआय परत सुरू करून द्यायला मला गावी जावं लागेल.

सेफ मोडबद्दल कुठेतरी वाचलं. त्यात काही पुसलं जातं का? जाहिराती त्याने कायमच्या जातात का? आणि सत्तरीच्या बाईला फोनवरून सांगून ते जमण्यासारखं आहे का?

खटपट्या

तिन्ही प्रश्नांची उत्तरं : नाही, नाही, हो.

सेफ मोड हे औषध नाही, तपासणी आहे. त्यात फोन फक्त कंपनीने आधीपासून घालून दिलेल्या ॲपांवर चालू होतो. तुम्ही नंतर टाकलेली सगळी ॲपं तिथेच असतात, त्यांचा डेटा तिथेच असतो, पण एकही चालू होऊ शकत नाही. त्या अवस्थेत दुखणं थांबलं तर दोष टाकलेल्या ॲपांपैकी कुणाचा तरी. चालूच राहिलं तर दोष मूळ सिस्टीमचा, नाहीतर फोनच्या अंगाचा. सेफ मोड एवढंच सांगतो. फोन पुन्हा नेहमीसारखा सुरू केला की जाहिराती हजर, कारण तुम्ही अजून कुणाला काढलेलंच नाही. जुन्या विंडोजमध्ये एफ८ दाबून जे करायचो, तेच हे.

फोटो, मेसेज, नंबर सुरक्षित. होमस्क्रीनवरची काही विजेट (मोठं घड्याळ, हवामान अशा चौकटी) मात्र नाहीशी होतात, तेव्हा आधी एक स्क्रीनशॉट काढून ठेवा.

करायचं कसं : बाजूचं पॉवरचं बटण दाबून धरायचं, 'पॉवर बंद' असा पर्याय आला की त्यावर बोट तसंच दाबून ठेवायचं. नुसतं टेकवलं तर फोन बंद होईल. काही सेकंदांनी सेफ मोडबद्दल विचारणा येते, तिला होकार द्यायचा. काही नव्या फोनमध्ये हा मेनू पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबल्यावर येतो.

चौकसबाई

सगळ्या कंपन्यांत असं दाबून धरून येत नाही हो. माझ्या फोनमध्ये तिथे काहीच होईना. त्यात फोन पूर्ण बंद करायचा, चालू करायचा, आणि कंपनीचं चिन्ह दिसलं की आवाज कमी करायचं बटण धरून ठेवायचं. होमस्क्रीन येईपर्यंत सोडायचं नाही.

एक मात्र आईंना बजावून सांगा. फोन बंद असताना पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबू नका. त्याने भलताच मेनू उघडतो, काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येतात, आणि त्यात एक ओळ 'वाइप डेटा' अशी असते. ती निवडून होकार दिला तर तुमच्या त्या दुकानदाराचं काम फुकटात होईल. चुकून तिथे पोचलातच, तर आवाजाच्या बटणांनी 'रीबूट'वर जाऊन पॉवर दाबा आणि बाहेर या.

ताकभात

कशाला एवढी यातायात? फॉरमॅट मारून मोकळे व्हा. मी दरवर्षी दिवाळीत मारतो.

खटपट्या

ताकभात, तुमचा फोन तुमच्या हातात असतो. यूपीआय सुरू करायला त्याच सिमवरून मेसेज जावा लागतो, मग डेबिट कार्डाचे आकडे, मग ओटीपी. हे सगळं काकूंच्या फोनवरून ऐकत आईंनी करायचं? आणि बॅकअप नसलेलं व्हॉट्सॲप गेलं की गेलं. फॉरमॅट शेवटी, आधी नाही.

जांभाचिरा, सेफ मोडच्या आधी दोन मिनिटांची एक गोष्ट बघून घ्या. जाहिरात स्क्रीनभर येते की वरून खाली सरकणाऱ्या सूचनांमध्ये? "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले" छापाच्या सूचना बहुतेकदा क्रोमकडून येतात, कारण कधीतरी कुठल्या तरी साइटला 'अनुमती द्या' म्हटलेलं असतं. क्रोम फोनसोबतच आलेलं असतं, त्यामुळे सेफ मोडमध्येही ते चालतं आणि सूचनाही येत राहतात. तिथे सेफ मोड तुमची दिशाभूल करेल. ते दुखणं क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली की जातं.

जांभाचिरा

नाही, स्क्रीनभरच. आज सात वाजता बसतो.

जांभाचिरा

झालं! पण पाऊण तास लागला.

'पॉवर बंद' दाबून धरलं आणि पाटी आली. आईचा फोन मराठीत आहे. पाटीवर लिहिलेलं, की हे सर्व तृतीय पक्ष ॲप्लिकेशन 'अक्षम' करेल. आई म्हणाली, "अरे, अक्षम करेल म्हणतोय, मी नाही दाबत." दहा मिनिटं त्यावर गेली. ज्याने कुणी हे भाषांतर केलंय त्याला एकदा माझ्या आईशी बोलायला बसवलं पाहिजे. 'तुम्ही टाकलेली ॲपं तात्पुरती बंद राहतील' एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

शेवटी काकूंनी दाबलं. फोन सुरू झाला, खाली डाव्या कोपऱ्यात 'सुरक्षित मोड' अशी अक्षरं. मोठं घड्याळ गायब, व्हॉट्सॲप करडं पडलेलं, दाबलं तर उघडत नाही. आईचा आवाज रडवेला. तिला वाटलं गेलं सगळं. पण गॅलरी उघडायला लावली, नातीचे फोटो जागच्या जागी दिसले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तासभर फोन तसाच ठेवला. एकही जाहिरात नाही. काकूंनी मुद्दाम दहा वेळा उघडबंद करून बघितलं. म्हणजे कुणीतरी ॲपच. पण आईच्या फोनमध्ये ६० च्या वर ॲपं आहेत. आता चोर कसा ओळखायचा?

रात्रभर सेफ मोडमध्येच ठेवू का? बॅटरीचंही कळेल.

खटपट्या

ठेवा. साधे फोन आणि एसएमएस चालतील. फक्त आईंचा गजर बाहेरून टाकलेल्या ॲपचा असेल तर तो वाजणार नाही.

चोराबद्दल. होमस्क्रीनवर शोधू नका, असली ॲपं आपलं चिन्ह लपवतात. सेटिंग, ॲप्स, 'सर्व ॲप्स' अशी यादी उघडा. बिनचिन्हाचं, बिननावाचं किंवा सिस्टीमच्या एखाद्या गोष्टीसारखं नाव घेतलेलं काही दिसतंय का बघा. दुसरी यादी 'इतर ॲप्सवर दिसण्याची परवानगी' कुणाकुणाला आहे त्याची. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फोन 'साफ' करणारी ॲपं, वॉलपेपर या मंडळींना ती परवानगी लागायचं काही कारण नाही.

'प्ले स्टोअरवरून घेतलंय' या भरवशावरही राहू नका. बारकोड स्कॅनर नावाचं एक ॲप वर्षानुवर्षं नीट चालत होतं, एक कोटीवर लोकांनी घेतलेलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याचा एक अपडेट आला आणि लोकांचे ब्राउझर आपोआप उघडून जाहिराती दिसायला लागल्या. काल टाकलेलं ॲपच दोषी असतं असं नाही.

काहीच संशयास्पद सापडलं नाही, तर मग चिकाटीचं काम. अलीकडची एकेक ॲपं काढायची, दर वेळी फोन नेहमीसारखा सुरू करायचा, अर्धा दिवस बघायचं.

चौकसबाई

आणि व्हॉट्सॲपवर आलेली एखादी एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी फाईल, उघडली होती का ते विचारा. हल्ली लग्नपत्रिका म्हणून पाठवतात. तसं असेल तर ही जाहिरातींची गंमत राहत नाही, असली ॲपं ओटीपीचे मेसेज वाचतात. मग आधी फ्लाइट मोड, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवणं, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन. सेफ मोड त्यानंतर.

जांभाचिरा

पत्रिका वगैरे उघडली नाही म्हणते. चोर सापडला! यादीत गिअरचं चिन्ह आणि 'सेटिंग' असं नाव. पण आईच्या फोनात खरं नाव 'सेटिंग्ज' आहे, आणि ते निळं, हे करडं. काकूंनी ओळखलं हो, मी नाही. तांदळातले खडे वेचणारी नजर.

गंमत म्हणजे 'अनइंस्टॉल'चं बटण दाबताच येत नाही. फिकं आहे.

खटपट्या

डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनच्या कारभाऱ्याचा, अधिकार घेऊन बसलंय. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत 'ॲडमिन' टाइप करा, 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' निघेल, तिथे त्याच्यापुढची खूण काढा. मग अनइंस्टॉल होईल. हे सेफ मोडमध्ये असतानाच करा. एरवी ते चालू असतं आणि तुम्ही खूण काढायला गेलात की वर काहीतरी पाटी आणून आडवं येतं. सेफ मोडचा खरा उपयोग मला तरी इथेच होतो. चोर झोपलेला असताना त्याच्या किल्ल्या काढून घ्यायच्या.

जांभाचिरा

गेलं! फोन रीस्टार्ट केला, कोपऱ्यातली अक्षरं गेली, व्हॉट्सॲप सुरू, दिवसभरात जाहिरात शून्य. कुठून आलं तेही कळलं. मे महिन्यात भाच्याने 'देवांचे हलते वॉलपेपर' टाकून दिले होते. देव हलले नाहीत, बाकी सगळं हललं.

पण बॅटरी जैसे थे. परवा रात्री सेफ मोडमध्येच दहाला १०० होती, सकाळी सहाला ५८. म्हणजे दुकानदार म्हणाला तसं आहेच का काही?

शेंदूर

मध्येच विचारतो, आयफोनमध्ये हे कसं करायचं?

खटपट्या

शेंदूर, आयफोनमध्ये वापरणाऱ्यासाठी असा मोड नाही.

जांभाचिरा, दोन दुखणी एकाच वेळी आली म्हणून एकाच कारणाने आली असं नाही. सेफ मोडमध्येही बॅटरी गळतेय, म्हणजे टाकलेली ॲपं सुटली. उरले तीन : मूळ सिस्टीम, बॅटरी, नेटवर्क. सिस्टीमचा दोष सेफ मोडला पकडता येत नाही हे लक्षात ठेवा. २०२१ च्या मार्चमध्ये अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यूचा (ॲपांच्या आत वेबपानं दाखवणारा सिस्टीमचा भाग) एक अपडेट बिघडला आणि जगभर चांगलीचुंगली ॲपं उघडल्या उघडल्या बंद पडायला लागली. लोक बिचारे ॲपं काढत बसले, दोष होता पोटातल्या सिस्टीमच्या भागात. गूगलने दुरुस्त अपडेट दिला तेव्हा थांबलं.

आज रात्री परत सेफ मोड आणि सोबत फ्लाइट मोड. सकाळचा आकडा सांगा. आणि फोनची पाठ फुगलेली नाही ना, सपाट टेबलावर ठेवून बघा. फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, सरळ बॅटरी बदला.

जांभाचिरा

पाठ सपाट आहे. दहाला १००, सहाला ९७!!

चौकसबाई

घर चिऱ्याचं आहे ना? तुमच्या नावावरून विचारते.

जांभाचिरा

हो, जांभ्याच्या जाड भिंती, आणि फोन माजघरात देवाजवळ. तिथे रेंजची एक कांडी, तीही येऊन जाऊन.

चौकसबाई

मग झालं. आमच्या गुहागरच्या घरात हेच. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावून टॉवरशी बोलतो, आणि तुटली की शोधत बसतो. फाईव्हजी अर्धवट येत असेल तर आणखीच, सारखं फाईव्हजी-फोरजी, फोरजी-फाईव्हजी. सिमच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार फोरजीवर ठेवा आणि फोन पडवीत आणा. बॅटरी थोडी म्हातारीही झाली असणार चार वर्षांत, पण तिला आत्ताच हात लावू नका.

कुलूपकिल्ली

माझं उलटं झालंय. फोन दर वेळी सेफ मोडमध्येच सुरू होतो, बाहेरच येत नाही. कितीही रीस्टार्ट करा.

चौकसबाई

कव्हर काढून बघा. आवाज कमी करायचं बटण दबून राहिलं असेल.

कुलूपकिल्ली

अगदी बरोबर! कव्हरच होतं. २०० रुपयांचं नवंकोरं. धन्यवाद.

जांभाचिरा

तीन दिवस बघून लिहितोय. फोरजी केलं, फोन पडवीतल्या खुंटीला पिशवीत. संध्याकाळी सातला ४४ टक्के उरते. कोमट लागत नाही. भाच्याला फोन करून काय बोलायचं ते बोललो. फोटोंचा आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप काकूंच्या वायफायवर लावून दिला.

खटपट्या, चौकसबाई, मनापासून आभार. एकच राहिलं. आई रोज विचारते, "ते मोठं घड्याळ कुठे गेलं?" स्क्रीनशॉट काढायचा राहूनच गेला होता.

खटपट्या

होमस्क्रीनवर मोकळ्या जागी बोट दाबून धरायचं, खाली 'विजेट' येईल, त्यात घड्याळ. आणि हो, यात कुठेही 'अक्षम' लिहिलेलं येत नाही, सांगा आईंना.