आर्नहेमचे ब्रॉनबेक संग्रहालय आणि जावात गेलेली मराठा पलटण

प्रश्न : सीमावासी, टिळकवाडी, बेळगाव

नमस्कार. माझा मुलगा नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये उट्रेख्त येथे राहतो आणि मी व सौ. येत्या मे महिन्यात त्याच्याकडे जाणार आहोत. तिथून आर्नहेमला थेट रेल्वे आहे. आजच्या इंडोनेशियावर डचांनी केलेल्या राज्याचा आणि त्यासाठी पोसलेल्या फौजेचा इतिहास आर्नहेमच्या ब्रॉनबेक संग्रहालयात मांडला आहे, असे वाचले. माझे आजोबा खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून मराठा पलटणीत भरती झाले आणि १९४५ च्या अखेरीस जावात होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत चांदीचे एक नाणे राहिले आहे. त्यावर डच राणी विल्हेल्मिनाचा मुखवटा, १९४३ हे वर्ष आणि ताडाचे एक बारीक झाड आहे. "लढाई संपली म्हणून सांगितलं आणि मग लढायला नेलं," एवढेच ते त्या दिवसांविषयी बोलत. त्यांच्या पलटणीचा काही माग त्या संग्रहालयात लागेल का? तिथे नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : नंदगडकर

मी तीन वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. आर्नहेम स्थानकाबाहेरून वेल्पकडे जाणारी, वरच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस घ्यावी. ती ब्रॉनबेकवरूनच जाते. ही वास्तू मुळात संग्रहालय म्हणून उभी राहिलेली नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. राजा तिसरा विल्यम याने १८५९ मध्ये ती वसाहतीच्या फौजेतील जायबंदी व वृद्ध शिपायांसाठी दिली, १८६३ मध्ये तिथे त्यांचे निवासस्थान सुरू झाले आणि आजही त्याच आवारात निवृत्त सैनिक राहतात. त्यामुळे आवाज खाली ठेवूनच फिरावेसे वाटते.

१८७३ मध्ये सुरू होऊन कित्येक वर्षे चाललेल्या, सुमात्रा बेटावरील आचेच्या युद्धात हस्तगत केलेल्या तोफा तिथे आहेत. मी मात्र सर्वांत जास्त वेळ शिपायांच्या छायाचित्रांपुढे थांबलो. या फौजेत गोरे होते, पण जावा, अंबोन आणि मनाडोचे लोकही मोठ्या संख्येने होते. शिवाय १८३१ पासून पुढे सुमारे चाळीस वर्षे आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवरून (आजचा घाना) आणलेले जवळपास तीन हजार शिपाई होते. ज्या गावात घरटी एक माणूस फौजेत गेला, तिथे मी वाढलो आहे. पगारासाठी परक्या राजाची बंदूक खांद्यावर घेतलेले ते चेहरे मला अनोळखी वाटले नाहीत.

आवारातील स्मारकेही पाहावीत. जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या ब्रह्मदेश-सयाम रेल्वेचे स्मारक त्यांत आहे. केवळ मराठा पलटण शोधायला जाल तर हिरमोड होईल, कारण हे घर डच फौजेचे आहे. परंतु आजोबांना ज्या राज्याच्या पडझडीत नेऊन उभे केले, ते राज्य कसे होते हे तिथे कळते.

उत्तर : माजी सैनिक, कॅम्प

आपल्या आजोबांचे वाक्य अगदी खरे आहे. जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली, १७ तारखेला सुकार्नो आणि हत्ता यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य घोषित केले, आणि जपान्यांची शस्त्रे काढून घेऊन छावण्यांतील डच बायकामुलांना सोडवण्याचे काम ब्रिटिशांनी हिंदी पलटणींवर टाकले. ऑक्टोबरच्या अखेरीस जावातील सुराबाया बंदरात उतरलेल्या ४९ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. तुकड्या शहरभर विखुरलेल्या असताना २८ तारखेला सशस्त्र जमाव त्यांच्यावर तुटून पडला, ३० तारखेला त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून मोठी लढाई जुंपली. इंडोनेशियात तो दिवस आजही वीर दिन म्हणून पाळतात. तिकडचा माणूस स्वातंत्र्यासाठी लढत होता आणि आपला माणूस हुकमाने. आपले स्वातंत्र्य अजून दोन वर्षे दूर होते. आजोबा का बोलत नसत, हे मी समजू शकतो.

आपण नेदरलँड्सला जाण्याआधी इथेच एक काम करावे. त्यांचा सैनिक क्रमांक शोधून कॅम्पातील मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरच्या अभिलेख कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. पेन्शनबुकावर किंवा पदकाच्या कडेवर क्रमांक कोरलेला सापडेल.

उत्तर : इतिहास शिक्षक, निपाणी

नाण्याविषयी सांगतो. १९४३ मध्ये नेदरलँड्स जर्मनांच्या आणि जावा जपान्यांच्या ताब्यात असल्यामुळे, परत आल्यावर चालवायची नाणी डचांनी अमेरिकेत पाडून घेतली. वर्षाजवळ इंग्रजी डी हे अक्षर असेल, तर ते डेन्व्हरच्या टांकसाळीचे आहे. कृपया ते चिंचेने किंवा पावडरीने घासू नये. १९४५ ते १९४९ या काळातील डच लष्कराच्या अतिरेकी हिंसेबद्दल तिथल्या पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये माफी मागितली. संग्रहालय पाहताना हेही मनात असू द्यावे. आणि परत आल्यावर आंबोली घाटाने वेंगुर्ल्याला जाऊन डच वखारीचे पडके अवशेष पाहावेत. सतराव्या शतकात हेच डच आपल्या दारापर्यंत आले होते.

सीमावासी :

सर्वांचा ऋणी आहे. आज दुपारी ट्रंक पुन्हा उघडली. नाण्यावर डी अक्षर आहे. पदकाची कड भिंगाखाली धरल्यावर क्रमांकाचे पहिले चार आकडे लागले, पुढचे झिजले आहेत. तेवढ्यावरच सोमवारी अर्ज घेऊन कॅम्पात जातो.