'हे स्थिर कृष्णविवर अस्थिर आहे': शब्द सुचवा

धागाकर्ती:
विद्युतभारित कृष्णविवरांवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'स्टॅटिक'ला स्थिर लिहिलं (स्थिर विद्युत लिहितो तसं), 'स्टेबल'लाही स्थिर, आणि शीर्षकातलं वाक्य तयार झालं. शिवाय 'ट्रान्झिशन'ला संक्रमण चालेल का?

प्रतिसाद १:
वाक्य विनोदी आहे, पण भौतिकी चोख! राइसनर (१९१६) आणि नॉर्डस्ट्रॉम (१९१८) यांचं विद्युतभारित कृष्णविवर काळानुसार बदलत नाही, म्हणून 'स्थितिक'. धक्का बसल्यावर ते पूर्वपदावर येतं का, हा प्रश्न निराळा. त्यासाठी 'स्थिर', 'स्थैर्य' राखून ठेवा. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये हेच भाररहित कृष्णविवराबद्दल तपासलं होतं. आणि नुसतं 'भारित' नको, वजनदार वाटतं.

प्रतिसाद २:
स्थैर्यातही दोन परी आहेत. पाट्यावर उभा ठेवलेला वरवंटा आठवा. बोट लावलं तर डुगडुगून पुन्हा उभा राहतो, जरा जोरात लागलं की आडवा. अदिश क्षेत्राची (स्केलर फील्ड, म्हणजे प्रत्येक बिंदूला दिशा नसलेली नुसती एक संख्या) विद्युतचुंबकीय क्षेत्राशी सांगड विशिष्ट प्रकारची असेल, तर कृष्णविवर असंच वागतं: बारीकसा क्षोभ विरून जातो, उंबरठ्यापलीकडचा क्षोभ मात्र त्याला अदिश क्षेत्राचे 'केस' (वस्तुमान, भार आणि फिरणं यांपलीकडची बाहेरून कळणारी खूण) उगववतो. क्षोभ उंबरठ्याच्या जितका जवळ, तितकं ते मधल्या डळमळीत अवस्थेत जास्त वेळ रेंगाळतं. इतर काही सांगडींमध्ये तर भार पुरेसा असला की नुसतं बोट लावणंही पुरतं.

प्रतिसाद १:
केसांचं काय करणार? 'कृष्णविवराला केस नसतात' हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलरांमुळे रूढ झालेलं वाक्य मराठीत तसंच ठेवावं, गंमत टिकते. पण 'केसाळ' म्हटलं की मला सुरवंट दिसतो. 'सकेश' आणि 'अकेश' कसं वाटतं?

प्रतिसाद ३:
सकेश छान. संक्रमण नको, मकरसंक्रमण ठीक, पण करोनानंतर तो शब्द तापाचाच झालाय. 'स्थित्यंतर' घ्या. देशांतर, भाषांतर यांच्यासारखंच इथलं 'अंतर' म्हणजे 'दुसरा': एक स्थिती सोडून दुसरीत जाणं. 'डायनॅमिकल'ला गतिमान मात्र करू नका, सरकारी जाहिरात वाटेल. 'गतिकीय'.

धागाकर्ती:
सगळं घेतलं, वरवंट्यासकट. वाक्य आता 'हे स्थितिक कृष्णविवर अस्थिर आहे' असं आहे. संपादकांनी 'स्थितिक'खाली लाल रेघ मारून समासात लिहिलंय: 'स्थिर?'