एजंटने लावलेला मॉन्टाज साठऐवजी साडेपन्नास सेकंदांचा का येतो?

प्रश्न

मंडळी, आम्ही पाच जण दोन दिवसांचा ट्रेक करून आलो. चार फोन आणि एक ॲक्शन कॅमेरा मिळून १४० क्लिप्स जमल्या. त्या बघत बसायचा मला जाम कंटाळा, म्हणून एआय एजंटला आज्ञा चालवायला टर्मिनल उघडून दिलं (व्हिडिओ कापणारं-जोडणारं एफएफएमपेग त्यात होतंच) आणि सांगितलं, वीस चांगल्या क्लिप्स निवड, प्रत्येकीचे तीन सेकंद घे, मध्ये अर्ध्या सेकंदाचा क्रॉसफेड टाक, खाली हे गाणं लाव, एकूण साठ सेकंद कर.

थोड्याच वेळात उत्तर आलं, 'व्हिडिओ तयार आहे!' उद्गारचिन्हासकट. बघतो तर चित्र साडेपन्नास सेकंदांना संपतं आणि गाणं पुढे एकटंच वाजत राहतं. गाणं १०० बीपीएमचं आहे, म्हणजे मिनिटाला १०० ठोके, तीन सेकंदांत बरोबर पाच; तरी कट काही केल्या ठेक्यावर पडत नाहीत. आणि फोन उभा धरून घेतलेल्या क्लिप्समध्ये आम्ही सगळे बुटके आणि रुंद दिसतो. एजंटला तीनदा सुनावलं, दर वेळी माफी मागून तोच व्हिडिओ परत देतो. चूक कुणाची, त्याची की माझी?

प्रतिसाद १

साडेनऊ सेकंद कुठे गेले ते आधी सांगतो. क्रॉसफेडमध्ये दोन क्लिप्स एकमेकींवर चढतात. वीस क्लिप्स म्हणजे एकोणीस सांधे, प्रत्येक सांधा अर्धा सेकंद खातो. साठातून साडेनऊ वजा करा. म्हणजे दुसरा सांधा सहाव्या सेकंदाला नाही, पाचव्यालाच सुरू होतो. दहाव्यापर्यंत तुम्ही गाण्याच्या पाच सेकंद पुढे गेलेले असता. ठेका कसा लागेल?

उपाय सोपा आहे. पहिल्या एकोणीस क्लिप्सचे साडेतीन सेकंद घ्या, शेवटचीचे तीन. साडेएकोणसत्तरातून साडेनऊ गेले की बरोबर साठ. माझं विचाराल तर क्रॉसफेड काढूनच टाका. ठेक्यावर पडलेला सरळ कट कधीही जास्त खणखणीत दिसतो.

प्रतिसाद २

गणित वर आलंच आहे, पण खरी गोम वेगळी वाटते. तुम्ही एजंटलाच मजूर केलंय. दर खेपेला तो तीनशे अक्षरांची एफएफएमपेगची आज्ञा नव्याने जुळवतो आणि दर खेपेला चुकतो. मी त्याच्याकडून फक्त कटांची यादी घेतो, जेसनमध्ये (स्क्रिप्टला वाचता येईल असा मजकुराचा साचा): कोणती फाइल, कुठून, कुठपर्यंत, आणि ही का निवडली ते एका ओळीत. रेंडर, म्हणजे अंतिम व्हिडिओ बनवणं, माझी ठरलेली पायथन स्क्रिप्ट करते. त्या स्क्रिप्टची तीन-चार साधनं मी एमसीपी सर्व्हरमधून (एजंटला बाहेरची साधनं जोडून देणारा दुवा) त्याला दिली आहेत, टर्मिनल दिलेलंच नाही.

बुटकेपणाचं कारण म्हणजे उभी चौकट ताणून आडवीत बसवली. गुणोत्तर राखून लहान करा आणि बाजूला पट्ट्या सोडा, किंवा सरळ कापा. फोनचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) बऱ्याचदा स्थिर नसतो, म्हणून निवडलेली प्रत्येक क्लिप आधी सेकंदाला ३० फ्रेमवर आणि तिचा आवाज ४८,००० हर्ट्झवर आणून ठेवा, जोडणी नंतर. हे टाळलं की आवाज आणि ओठ यांची फारकत ठरलेली.

आणि 'तयार आहे' या शब्दावर जाऊ नका. रेंडरच्या साधनाने उत्तरातच एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबतच येणारं मोजमापाचं साधन) मोजलेली चित्राची आणि आवाजाची लांबी वेगवेगळी द्यायला हवी. ५०.५ आणि ६० हे आकडे शेजारी दिसले असते तर एजंटने स्वतःच कान पकडले असते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. सरळ कट ठेवले, यादी वेगळी केली, आता साठला साठ येतात आणि ठेकाही लागतो. नवी तक्रार: त्याने माझी निवडलेली एकमेव क्लिप अशी आहे की मी पाणी पितोय आणि डोळे मिटलेले. निवडीचं कारण लिहिलंय, 'शांत, ध्यानमग्न क्षण'.

प्रतिसाद २

हा हा! त्याने बहुधा क्लिपमधली एकच फ्रेम पाहिली. दर सेकंदाला एक फ्रेम काढून, कोपऱ्यात वेळ छापून, प्रत्येक क्लिपचा एकेक तक्ता करून द्या. फ्रेम शेजारी-शेजारी मांडणाऱ्या एफएफएमपेगच्या टाइल फिल्टरने होतं. १४० तक्ते एकदम देऊ नका, दहा-दहाच्या गठ्ठ्यात द्या, नाहीतर मधल्या क्लिप्सकडे तो ढुंकूनही बघत नाही. आणि यादी आली की रेंडरआधी स्वतः एकदा नजर टाका. वीसच ओळी असतात.

प्रश्नकर्ता

टाकली. ध्यानमग्न क्षण काढला. बाकीचे चौघे म्हणतात, तोच ठेवायचा होता.